दोन्ही उजवे

वडीगोद्रीत मी खोली बघत फिरत होते तेव्हा तीन घरांनी मला आडनाव विचारलं आणि तिन्ही घरांतली खोली तेवढ्यात कुणाला तरी आधीच दिलेली निघाली. चौथं घर त्यांचं, ज्यांना पुढं मी काका म्हणू लागले. हायवेपासून दोन गल्ल्या आत, पुढं ओटा आणि बाजूला पत्र्याचं शेड. ते ओट्यावर बसून दाराच्या कडीचं माप घेत होते. मी शिक्षिका आहे, केदारखेड्याकडची, इथल्या शाळेवर नेमणूक झालीय, असं सगळं सांगून मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "दार आपटता का?"

मी नाही म्हणाले.

"मंग राहा."

आडनाव त्यांनी विचारलं ते तीन महिन्यांनी. माझ्या नावाचं एक पार्सल पोस्टात आलं होतं आणि पोस्टमनला पूर्ण नाव हवं होतं म्हणून. मी सांगितलं, त्यांनी ते चिठ्ठीवर लिहिलं आणि विचारलं, यातला 'ळ' आहे की 'ल'? एवढंच.

त्यांनी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नकाशे काढले. धरणाच्या डाव्या कालव्यातून शेतांकडं पाणी नेणाऱ्या कितीतरी चाऱ्या आधी त्यांच्या कागदावर आल्या आणि मग शेतांत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सदऱ्याच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी आणि टोकदार पेन्सिल कायम असायची. हायवेवरच्या पंक्चरवाल्याला त्यांनी एकदा सांगितलं की तुझ्या पाटीवरचा 'पं' बाकीच्या अक्षरांच्या पाव इंच खाली बसलाय. तो हसला. दुसऱ्या दिवशी हे रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन गेले आणि भर उन्हात स्टुलावर चढून 'पं' वर उचलून आले. लग्नाच्या मांडवात पंगत बसलेली असताना हे खांबाशेजारी उभे राहून एक डोळा मिटून खांब सरळ आहे का बघत. माझ्या खोलीत बुद्धाची तसबीर लावायला मला एक खिळा मारायचा होता. त्यांनी मला हातोडी दिली नाही. स्वतः आले, गवंड्याची लेव्हल भिंतीला लावली, पेन्सिलीनं फुली काढली, दोन पावलं मागं जाऊन बघितलं, फुली खोडली, पुन्हा काढली. अर्ध्या तासानं खिळा ठोकला. त्या भिंतीवरची ती तसबीर मी तिथं राहिले तेवढी वर्षं एकदाही तिरकी झाली नाही.

त्यांना राग कशाचाच येत नसे, फक्त 'जवळपास' या शब्दाचा यायचा. सुतार म्हणाला की जवळपास बसलंय, किंवा मी म्हणाले की जवळपास सहा वाजलेत, की ते थांबत आणि शांतपणे म्हणत, "जवळपास बराबर म्हणजे बराबर न्हाई." आवाज कधी चढवला नाही. पण हे वाक्य ऐकलेला माणूस पुन्हा त्यांच्यासमोर तो शब्द काढत नसे.

काकू वेगळ्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, सतत काहीतरी बोलणाऱ्या. त्यांच्या हातचं वरण रोज वेगळं लागायचं, कारण मापानं काही घालणं त्यांना माहीतच नव्हतं. मूलबाळ नव्हतं. काकांबद्दल त्या मला म्हणायच्या, "लग्नात यांनी माह्या गळ्यात हार घातला ना, तवा दोन्ही बाजू सारख्या लोंबतेत का ते बघून घेतलं आधी. मला तवाच कळलं कसं व्हायचं ते." असं म्हणून हसायच्या. हसता हसता कमरेवर हात दाबायच्या. पाठीचे मणके ठिसूळ झाले होते, एक चेपलाच होता. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाईंना गचका बसू देऊ नका. मोटारसायकल नको, रिक्षा नको, खराब रस्त्यावर तर काहीच नको. त्या तपासणीला म्हणून त्यांना जीपमधून नेलं होतं, तर परत आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता आणि चार दिवस कूस वळता येत नव्हती. तेव्हापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या.

पत्र्याच्या शेडमध्ये गाडी होती. काकांच्या वडिलांनी निजामाच्या नोकरीतून निघून जाणाऱ्या कुणा साहेबाकडून घेतलेली, विलायतेची, राखी रंगाची, पुढून बदकासारखी दिसणारी. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. काकू जांब समर्थच्या. लग्न होऊन त्या जांबहून वडीगोद्रीला आल्या त्या ह्याच गाडीतून. वडील गेल्यावर गाडी बंद पडली आणि तीस-पस्तीस वर्षं शेडमध्ये कोंबड्या बसत राहिल्या तिच्यात. निवृत्त झाल्यावर काकांनी ती बाहेर काढली. एकेक भाग सोडवला, धुतला, मोजला, कागदावर उतरवला. इंजिन उभं केलं, ब्रेक केले, पत्रा ठोकला, गाद्या शिवून घेतल्या. मी राहायला गेले तेव्हा गाडी चालू होत होती, मधमाश्या घोंगावल्यासारखा तिचा आवाज यायचा. राहिले होते पुढचे दोन शॉकअप.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, त्यांनीच समजावलं. हल्लीच्या गाड्यांना उभं नळकांडं असतं तसं हे नव्हतं. एक वजनदार लोखंडी डबा, आत तेल, आणि डब्यातून बाहेर आलेला एक हात. चाक खड्ड्यातून उसळलं की तो हात वर जातो, आतलं तेल त्याला अडवतं, आणि गाडी एकदा दबून शांत होते. तेल नसलं की तीच गाडी एका खड्ड्यावर चार-पाच वेळा उड्या मारते. शिवाय पुढचं चाकच त्या हाताला टांगलेलं, त्यामुळं हाताची लांबी थोडी जरी चुकली तरी चाक कलतं. मागचे दोन शॉकअप त्यांनी तेल अडवणारं नवं सील घालून जमवले होते. पुढच्या दोघांचा आतला दांडा झिजलेला, त्यावर सील टिकेना. जालन्याच्या एका लेथवाल्यानं दांड्यावर कवच चढवून दिलं, ते अकरा दिवस टिकलं. बाराव्या दिवशी शेडच्या फरशीवर दोन काळे डाग पडले होते आणि काका त्यांच्याशेजारी उकिडवे बसले होते.

हे सगळं चाललं होतं ते जांबसाठी. काकूंचा धाकटा भाऊ तिथं होता. लकव्यानं दोन्ही पाय गेलेले, कानांनी ठार बहिरा. तो येऊ शकत नव्हता, त्या जाऊ शकत नव्हत्या, आणि फोनवर त्याला ऐकू येत नव्हतं. चार वर्षं बहीण-भावांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. चाळीस-एक किलोमीटरचं अंतर. काकांनी काकूंना शब्द दिला होता की शॉकअप बसले की तुला तुझ्या गाडीतून नेतो, पोटातलं पाणी हलू देत नाही. आणि ते खोटं नव्हतं. त्या गाडीच्या गाद्या, तिच्या स्प्रिंगा, सगळं मऊ होतं. शॉकअप बरोबर असते तर त्या रस्त्यावरून काकूंना सुखरूप नेणारी ती एकच गाडी होती असं मलाही वाटायचं.

त्यासाठी त्यांनी रस्त्याचाही नकाशा काढला. एसटीनं जायचं, एका फाट्यावर उतरायचं, पुढच्या फाट्यापर्यंत चालायचं आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याची जागा, लांबी, खोली टिपून घ्यायची. कालव्याचा चढउतार दाखवणारा छेद काढतात तसा वडीगोद्री ते जांब रस्त्याचा छेद त्यांनी लांबच लांब कागदावर काढला. तीन आठवडे लागले. तो पुरा झाला तेव्हा ऊसतोडीचे दिवस आले, ट्रॅक्टरांनी नवे खड्डे पाडले आणि जुने कुणीतरी मुरूम टाकून बुजवले. मी ते बोलून गेले. त्यांनी कागद गुंडाळला, दोरा बांधला आणि कपाटावर ठेवून दिला. पुन्हा रस्ता मोजायला गेले नाहीत.

शॉकअपची पहिली जोडी संभाजीनगरच्या जुन्या बाजारातून आली. त्याच कंपनीच्या, पण सामान वाहायच्या गाडीची. काकांनी ती कागदावरच्या चित्रावर ठेवली. डबा बरोबर, भोकं बरोबर, हात अर्धा इंच लांब. हायवेवरचे मिस्त्री, ज्यांना काकांबद्दल फार आदर होता, ते येऊन बसले आणि समजावू लागले की मध्ये एक वायसर टाकू, बसून जाईल, चाक जरा कलेल पण कळणारसुद्धा नाही. काका म्हणाले, मला कळेल. मिस्त्रींनी मग दुसरा उपाय सांगितला, की जीपचे उभे शॉकअप घेऊ, दोन पट्ट्या वेल्डिंग करू, अर्ध्या दिवसाचं काम. मिस्त्री चहा पिऊन गेले आणि पुढचे दोन दिवस काका घरातही कुणाशी बोलले नाहीत. काकूंनी त्या दोन दिवसांत एकदाच मला हाक मारून म्हटलं, "वेल्डिंग केलं असतं तर काय बिघडत होतं गं? मला काय रोज जायचंय का?"

मग विलायतेत अशा गाड्यांचे सुटे भाग विकणारा एक म्हातारा सापडला. पत्रव्यवहार माझ्या मोबाइलवरून. काका सांगत आणि मी इंग्रजीत टाइप करी. माझं एक वाक्य त्यांना पटेपर्यंत चार वेळा बदलावं लागे. सोबत त्यांनी स्वतः काढलेल्या चित्राचा फोटो. तो म्हातारा चित्र बघून इतका खूश झाला की त्यानं कळवलं, असं आरेखन मी कंपनीच्या स्वतःच्या पुस्तकातही पाहिलेलं नाही. त्या रात्री जेवताना काकांनी भाकरी मोडता मोडता मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

सात आठवड्यांनी लाकडी पेटी आली. काकू बाजेवर उशांना टेकून बसल्या होत्या. काकांनी जमिनीवर चित्र अंथरलं, पेटीतला पहिला शॉकअप काढून त्यावर ठेवला. तंतोतंत. हात, भोकं, डब्याची कड, काही काही कमी-जास्त नव्हतं. काकूंनी हात जोडले. मग त्यांनी दुसरा काढला आणि शेजारच्या चित्रावर ठेवला. तो बसेना. उलटा केला, सुलटा केला. मग उचलून पहिल्या चित्रावर, पहिला बाजूला सारून, ठेवला. तिथं तो चपखल बसला.

"दोन्ही उजवे," ते म्हणाले.

डावा आणि उजवा एकमेकांचं आरशातलं रूप असतात, एकाचं काम दुसरा करू शकत नाही, हे मला तेव्हा कळलं. काकू आधी हसल्या. नवऱ्याचा चेहरा बघून थांबल्या. विलायतेच्या म्हाताऱ्यानं फार दिलगिरी कळवली. डावा त्याच्याजवळ नव्हता, कुठं मिळाला तर लगेच पाठवतो म्हणाला. काकांनी उजवीकडचा बसवला. डावीकडं जुनाच, गळका.

"अर्धी गाडी तर झाली," काकू म्हणाल्या. "मी उजवीकडं बसते. चला."

"एका बाजूनं बराबर असलेली गाडी जास्त वाईट," ते म्हणाले. "वळणावर फेकते. थांब जरा."

हे 'थांब जरा' पुढं दिवाळीपर्यंत चाललं. त्या काळात मी माझ्या डोळ्यांनी काकूंना लहान होताना पाहिलं. आधी त्या स्वयंपाकघरापर्यंत यायच्या, मग दारापर्यंत, मग बाजेवरच. काका दिवसा शेडमध्ये आणि संध्याकाळी चिठ्ठ्या लिहीत. नागपूर, पुणे, इंदूर, जिथं म्हणून अशी गाडी असल्याचं कानावर येई तिथं. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. उत्तरं फारशी आली नाहीत. मला कधी कधी इतका राग यायचा की ओट्यावरून जाताना मी त्यांच्याकडं बघत नसे. पण पहाटे उठले की दिसायचं की ते काकूंच्या पाठीला तेल लावतायत, बोटांनी एकेक मणका शोधत, जिथं दुखतं तिथं न दाबता. ते बघितलं की मग रागवायचं कुणावर तेच कळत नसे.

दिवाळीनंतर हैदराबादहून निरोप आला की एका बंद बंगल्यात तशीच गाडी पडून आहे, डावा शॉकअप शाबूत दिसतोय. काका निघाले. चार दिवस लागणार होते. जाताना मला म्हणाले, "मॅडम, हिच्याकडं लक्ष ठेवा. उठू देऊ नका."

ते गेले त्याच दुपारी काकूंनी मला जवळ बसवून घेतलं. उद्या रविवार ना, असं विचारलं. मला कळलं. मी म्हणाले, काकू, डॉक्टरांनी सांगितलंय. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना भाऊ असंल तर त्यांना कळंल. पोरी, मी काय ह्या शॉकअपची वाट बघत बसण्याइतकी न्हाई राहिले आता. तू नेतीस का मी एसटीनं जाऊ?"

मी हायवेवरच्या स्टँडवरून एक जीप ठरवली. सगळ्यांत सावकाश चालवणारा म्हणून ज्याला हसत असत तो ड्रायव्हर. मागच्या सीटवर दोन गाद्या, चार उशा. सकाळी निघालो. तीर्थपुरीपर्यंत बरं गेलं. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता खणून ठेवला होता. तिथं दोन गचके असे बसले की काकू माझा हात धरून ओरडल्या. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, परत फिरू का विचारलं. त्यांनी डोळे मिटूनच हातानं पुढं, पुढं अशी खूण केली.

भाऊ ओसरीत खाटेवर होता. काकूंना बघून तो नुसता तोंड उघडून रडत राहिला. ह्या मोठ्यानं बोलायच्या, त्याला काही ऐकू जायचं नाही, तो भलतंच उत्तर द्यायचा. थोड्या वेळानं त्यांनी बोलणं सोडून दिलं. भावजयीकडून पाणी आणि ब्लेड मागवलं, भावाचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्याची नखं काढायला लागल्या. हाताची झाली, मग पायाची. पायाची नखं जाड, पिवळी, आधी पाण्यात भिजवून मग. दोन तास लागले. उशांना टेकून, घाम पुसत पुसत त्यांनी सगळी वीस नखं काढली. गावातल्या देवळाच्या पायऱ्या चढणं शक्यच नव्हतं, परतताना जीपमधूनच कळसाला हात जोडले.

वाटेत त्यांनी मला शपथ घातली. काकांना सांगायचं नाही. "त्यांनी तो शॉकअप आणला की मी पुन्हा जाईन. पयल्यांदाच चालले असं करीन. तू बी तसंच कर."

काका हैदराबादहून रिकाम्या हातानं आले. ती गाडी पुढच्या वर्षाची निघाली, तिचा हातच वेगळा. ते आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून काकूंना बसता येईना. जालन्याहून डॉक्टर मुद्दाम येऊन गेले. आणखी एक मणका गेला होता. त्यांनी विचारलं, कुठं पडल्या का, काही गचका बसला का? काकू म्हणाल्या, न्हाई. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. काका म्हणाले, मॅडम होत्या ना घरी, उठूच दिलं नाही त्यांनी.

पौषात काकू गेल्या. पडून पडून छातीत कफ झाला आणि तो सुटलाच नाही. शेवटचे काही दिवस त्या कुणाला ओळखत नव्हत्या.

त्या जीपमुळं गेल्या की आजारानं गेल्या हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. पुढं दीड वर्षानं माझी बदली भोकरदनकडं झाली. आता कधी त्या बाजूला गेले तर मी त्यांना भेटते. ते चहा करतात, मापानं साखर घालतात, शाळेची चौकशी करतात. शेडकडं मात्र ना ते बघतात ना मी.

काकू गेल्या त्याच साली, मी अजून तिथंच राहत होते तेव्हा, होळीच्या आधी डावा शॉकअप आला. विलायतेच्या म्हाताऱ्यानं कुठून तरी मिळवून पाठवला, आत त्याच्या हातची चिठ्ठी होती की आपल्या पत्नीला प्रवास सुखाचा होवो. ती मीच वाचून दाखवली. काकांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, शॉकअप चित्रावर ठेवून पाहिला आणि शेडमध्ये गेले. मला वाटलं नव्हतं की ते बसवतील. त्यांनी बसवला. तेल भरलं, गाडी दाबून बघितली. ती एकदा खाली गेली, वर आली आणि तिथंच राहिली.

शनिवारी मला म्हणाले, "मॅडम, उद्या जांबला जाऊ. तिला नेतो म्हणलो होतो. तुम्ही मागं बसा, डावीकडं. ती तिथं बसणार होती. गचका लागला की सांगा."

मी नाही म्हणू शकले नाही. पहाटे निघालो. ते प्रत्येक खड्डा बघून गाडी हळू करत, चुकवता आला तर चुकवत, नाही तर अलगद उतरवत आणि मग मान न वळवता विचारत, "लागला?" मी म्हणायचे, नाही. आणि खरंच लागत नव्हता. त्या दोन ठिकाणी, जिथं काकू ओरडल्या होत्या, गाडी नुसती खाली बसली आणि उठली. "लागला?" "नाही." मी मागं बसून ठरवत होते की भावाच्या घरी पोचायच्या आत सांगून टाकावं. प्रत्येक वेळी 'नाही' म्हणाल्यावर ते सांगणं आणखी अवघड होत गेलं.

भाऊ खाटेवर तसाच. काकांना बघून त्यानं दोन्ही हात पुढं केले. काका त्याच्याजवळ बसले आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन, त्यांना कधी न जमणाऱ्या मोठ्या आवाजात म्हणाले की तिला आणायचं राहून गेलं, मला माफ कर. बहिऱ्याला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. तो रडत हात दाखवायला लागला. नखं वाढून बोटांवरून वळली होती.

"आक्का आल्ती तवा काढून गेल्ती सगळी," तो म्हणाला. "तिच्यामागं कुणाच्यानं काढणं झालं न्हाई."

काका त्या नखांकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. भावजय चहा ठेवायला आत गेली होती. ते उठून बाहेर गाडीपाशी गेले आणि मी त्यांच्या मागून.

"कधी?"

मी सांगितलं. तुम्ही हैदराबादला गेला होतात तेव्हा.

"कशानं?"

"जीपनं."

त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला.

"लागलं का तिला?"

नाही म्हणता आलं असतं. सकाळपासून मी तेच म्हणत होते. "दोनदा," मी म्हणाले.

मग मी सगळंच सांगितलं. काकूंनी शपथ घातली होती तेही, आणि तुम्ही शॉकअप आणला की पहिल्यांदाच चालले असं दाखवणार होत्या तेही. मी वाट बघत होते की ते आता मणक्याचं विचारतील. त्यांनी विचारलं नाही. दिवस मोजायला त्यांना कधी वेळ लागत नसे, आणि मला दिसलं की त्यांचं मोजून झालं आहे.

"बराबर केलं तिनं," ते म्हणाले. "मला विचारलं असतं तर मी थांब म्हणलो असतो. तिला मी आजून थांबच म्हणत असतो."

आम्ही चहा घेतला नाही. मी पुन्हा मागं, डावीकडं बसले. गाव सुटलं आणि उसाच्या ट्रॅक्टरांचा रस्ता लागला, तेव्हा मला वाटलं त्यांना पुढचं दिसत नसावं, कारण पहिल्याच खड्ड्यात त्यांनी गाडी सरळ घातली. मग दुसऱ्यात. चुकवायला जागा असताना ते स्टिअरिंग वळवून खड्ड्याकडं नेत होते आणि ब्रेकवर पाय ठेवत नव्हते. मी पुढची सीट घट्ट धरली होती. पण धरायची गरज नव्हती. गाडी प्रत्येक वेळी खाली बसली, उठली आणि शांत झाली. तीर्थपुरीपर्यंत त्यांनी एक खड्डा सोडला नाही, आणि एकही गचका आमच्यापर्यंत आला नाही.

त्यांनी 'लागला?' असं विचारलं असतं तर मी खरं तेच सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.